चौकीवरून न दिसणारी बाजू

सातारा,
२२ जानेवारी १९७८

चि. विदुला हिस,

आशीर्वाद, आणि सोबत थोडी कुरकूर.

लांब सरकारी पाकीट आलं तेव्हा वाटलं, शिक्षण खात्याला अखेर माझी आठवण झाली. आत 'महोदय' अशी सुरुवात केलेलं तुझं पत्र निघालं. तीन वर्षांत दिवाळीच्या कार्डावरच्या दोन ओळींखेरीज तुझं अक्षर या घरात आलेलं नव्हतं, त्यामुळे 'महोदय'सुद्धा मी गोड मानून घेतलं. मध्येच एके ठिकाणी 'आबा' लिहून खोडलं आहेस. खोडलेलं मला वाचता येतं. मुलांच्या वह्या तपासण्यातच हयात गेली.

विषय समजला. तो माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे चुकलो असेन तर तुला लाल शाई मारता येईल. अमेरिकेचा उपग्रह आपल्या सह्याद्रीची आकाशातून चित्रं घेतो आणि ती टपालाने तुमच्या हैदराबादच्या कचेरीत येतात. त्यात हिरवं रान लाल दिसतं आणि जळलेलं रान काळं. गेल्या काही उन्हाळ्यांची चित्रं घेऊन तू ते काळे डाग एका पारदर्शक कागदावर उतरवलेस. दुसऱ्या कागदावर डोंगरांचा चढ, तिसऱ्यावर गवत आणि झाडी, चौथ्यावर गावं आणि वाटा. मग हे कागद एकावर एक ठेवून खालून दिवा लावायचा. जिथे सगळ्याच गोष्टी जमून येतात तिथे वणव्याचा धोका सर्वांत जास्त, आणि नकाशात तिथे तांबडा रंग सर्वांत गडद. मला यात नवल वाटलं नाही. मूळ, त्यावर भाष्य, भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी असं एकावर एक रचून खाली दिवा धरण्यातच आमचं आयुष्य गेलं. फरक एवढाच, की आमच्या कागदांतून उजेड कमी येतो.

पत्र वाचत होतो तेव्हा तुझी आई शेजारी पावटे सोलत होती. तिने काही ऐकलं नाही. मी मोठ्याने वाचत होतो आणि ती सोललेले पावटे पुन्हा सोलत होती, एवढंच. तुला वाटतं तिचा राग जावयावर आहे. तसं नाही. तो तेलुगू आहे याचंही तिला काही वाटत नाही. लग्न कचेरीत झालं आणि सहीची शाई वाळल्यावर तिला कळलं, हे तिच्या घशात अडकलं आहे. मी काढायचा प्रयत्न करून पाहिला. माझंच बोट चावलं गेलं.

आता पत्रासोबत आलेला नकाशा. त्यावरचा सगळ्यांत गडद तांबडा डाग मौजे धोंडेघळच्या डोंगरावर पडला आहे, म्हणजे तुझ्या आजोळावर. पत्रातलं हे वाक्य मी मनातल्या मनात वाचलं. तू लिहितेस की एप्रिलअखेर हा नकाशा वनखात्याकडे जाणार, गडद तांबड्यात येईल ते रान चराईला आणि गवतकापणीला बंद होणार, आणि तिथे कोणी वस्ती करून असेल तर त्याला उठवणार. त्याआधी कोणीतरी जागेवर जाऊन, कागद खरं बोलतो का ते पाहावं. खात्याचा माणूस नको, गावचा नको, म्हणून मी. निवड चांगली केलीस. मी कुठल्याच बाजूचा नाही हे आमच्या घराण्यातही सर्वमान्य आहे. तिघे भाऊ पलटणीत गेले आणि मी औंधला संस्कृत शिकायला.

तुझा मुख्य प्रश्न असा, की धोंडेघळच्या डोंगरावर जळाल्याचे डाग दरसाल दिसतात, पण ते सगळे मागच्या उतारावर. गावाच्या बाजूला एकही नाही. याचं शास्त्रीय कारण काय असावं?

ऊन असेल. वारा असेल. मी व्याकरणाचा माणूस, मला काय कळणार. पुढच्या महिन्यात जाऊन येतो.

महोदय ऊर्फ
आबा


सातारा,
१४ फेब्रुवारी १९७८

चि. विदुला,

पाय अजून दुखताहेत, त्यामुळे आशीर्वाद बसूनच घे.

धोंडेघळला जाऊन आलो. पाटणपर्यंत एस.टी., पुढे मी. तुझ्या मामाने जावयाला शोभेलसं स्वागत केलं, म्हणजे कोंबडं कापलं आणि मी कशाला आलो ते विचारलं नाही. नानासो आता गावचा पोलीस पाटील आहे. मिशी त्या मानाने वाढवली आहे.

जेवणं झाल्यावर ओट्यावर चार माणसं जमली. मी सहज विचारल्यासारखं केलं, की इकडे वणवा येतो तो कुठून येतो? सगळ्यांनी एकदम डोंगराकडे हात केला. पलीकडून. दुसऱ्या दिवशी मी डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात उतरलो आणि तेच विचारलं. त्यांनी हात इकडे केला. म्हणजे आग माथ्यावर आपोआप जन्माला येते आणि दोन्हीकडे पाहुणी म्हणून उतरते. आमच्या काव्यांत ती बांबूवर बांबू घासून लागते, काडेपेटीचा उल्लेख कोणी करत नाही. कवी आणि पोलीस पाटील यांच्यात इतकं एकमत मी प्रथमच पाहिलं.

गावासमोरच्या टेकाडावर फॉरेस्टची चौकी आहे. तिथला गार्ड निजाम मुल्ला, मूळचा मिरजेचा, सरळ माणूस. त्याने चहा पाजला आणि चौकीच्या दारातून गावाचा अख्खा उतार दाखवला. म्हणाला, "सर, माझ्या हद्दीत वणवा लागतच नाही. हितनं सगळं दिसतंय." ते खरं आहे. तिथून जेवढं दिसतं तेवढं सगळं दिसतं.

आता तुझ्या शास्त्रीय कारणाकडे येतो. गेल्या पत्रात मी ते उन्हावाऱ्यावर ढकललं. ठाऊक तेव्हाही होतं, पण सासुरवाडीची गोष्ट होती आणि तुझी आई पावट्यांपाशी बसली होती.

गवत कापून झालं की डोंगरावर उरलेले खुंट जाळायचे, म्हणजे वळवाच्या सरींवर कोवळं फुटतं आणि म्हशी दुधाला सुधारतात. हे पणजोबांच्या वेळेपासून चालत आलं आहे. चौकी झाली तेव्हा जाळणं गुन्हा ठरलं. गावाने जाळणं सोडलं नाही, बाजू सोडली. चौकीवरून दिसत नाही तो मागचा उतार धरला. आता होळीनंतर वारा पडला की पाडव्याच्या आत एक दिवस ठरतो, सगळे जातात, आणि कोणी लावला हे कोणीच कधी बोलत नाही. मध्ये डोंगर आहे ना, मग झालं. वरून कोणी पाहत असेल ही शंका त्यांना कधी आली नाही. वरून पाहणारा देव, आणि तो गावचाच.

तेव्हा तुझा कागद खरं बोलतो. एवढं पडताळून मी परत यायला हवं होतं. पण पलीकडून येताना मी मागच्या उतारानेच चढलो. माथ्याजवळच्या सड्याला, म्हणजे उघड्या कातळपठाराला, लागलो आणि कुत्रं भुंकलं.

सड्यावर धनगरांची खोपटी आहेत. कारवीच्या कुडाच्या, शेणाने लिंपलेल्या, वर गवत. धरणाच्या पाण्यात त्यांची जुनी जागा गेली, तेव्हापासून हलत हलत ही माणसं गेल्या वर्षी इथवर आली. जवळ एक झरा सापडला, तो उन्हाळ्यात आटत नाही, म्हणून राहिली. म्होरक्या केरबा आणि त्याची बायको रंगूबाई. केरबाने घोंगडं अंथरलं, रंगूबाईने ताक दिलं. एका खोपटाची उताराकडची वळचण काळी पडली होती. मी विचारलं, हे कशाने? केरबा म्हणाला, "चुलीनं."

रंगूबाई हसली. म्हणाली, "आवं गुरुजी, चूल घरात असती. ह्ये भायेरनं जळालंय."

मग हळूहळू निघालं. गेल्या वर्षी खालून लावलेली आग उताराने चढत दारापर्यंत आली. यांनी ओली पोती मारून मारून ती विझवली. गावात कुणाला सांगितलं का, तर नाही. जमीन फॉरेस्टची. गावाला सांगावं तर गाव म्हणणार तुम्ही तिथे कशाला, आणि फॉरेस्टला सांगावं तर फॉरेस्टही तेच म्हणणार. म्हणून गप्प. खालचे कोणी लावला ते बोलत नाहीत आणि वरचे काय जळालं ते बोलत नाहीत. मध्ये मी तुझा नकाशा उलगडून बसलो.

त्यावर त्या जागी काही नाही. गडद तांबडा रंग आणि तुझ्या सुबक अक्षरात 'वस्ती नाही'. रंगूबाईने विचारलं की आकाशातल्या फोटोत आमची घरं दिसतात का? म्हटलं, नाही, फार लहान आहेत. तिला बरं वाटलं. मग म्हणाली, "मंजे लावनाऱ्याला बी दिसत न्हाईत, आन् फोटूवाल्याला बी न्हाईत."

ही माणसं नकाशात दाखवली तर उठवतील. नाही दाखवली तर पाडव्याच्या आत एक दिवस ठरतोच आहे. काय लिहू, ते तू सांग. पडताळणी करायला मी गेलो होतो, हे मला पडताळता येत नाही.

आबा


सातारा,
५ मार्च १९७८

चि. विदुला,

तुझं पत्र मिळालं. 'महोदय' गळून पडला, बरं झालं. त्याच्या ओझ्याने वाकलो होतो.

तू लिहिलंस ते आता नीट कळलं. तुझ्या चित्रातला लहानात लहान ठिपका म्हणजे जमिनीवर ऐंशी मीटरचा चौकोन. केरबाची खोपटी, अंगण, म्हशी आणि कुत्रं धरून सगळं त्या एका ठिपक्यात बुडतं. आणि आग चढावर जास्त जोराने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. म्हणजे मागच्या उतारावर तळाशी काडी लावणं आणि सड्यावरच्या घराला लावणं यात फक्त वाटेचा फरक. नकाशात खोटं राहू देणार नाही असं लिहितेस, आणि पुढच्याच ओळीत त्यांना उठवलं तर ते कुठे जातील असं विचारतेस. दोन्ही वाक्यांवर तुझा स्वभाव आहे. एक आईकडून आला आहे. दुसरा कुठून आला ते मी सांगत नाही.

हे पत्र मी फडताळात चहाच्या डब्यामागे ठेवलं. तुझ्या आईने सकाळी नेमका तोच डबा घासायला काढला आणि शेजारच्या पोरीकडून पहिलं पान वाचून घेतलं. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "तिनं माज्या माहेराला चोर ठरवलं." तीन वर्षांनी तुझ्याबद्दलचं हे पहिलं वाक्य. मी ते शुभ मानलं.

चोर नाही म्हटलं, आणि केरबाचं सगळं सांगितलं. ते मी तिला तोवर बोललो नव्हतो. तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही. लहानपणी तीही त्या दिवशी हिरवे डहाळे घेऊन बापामागे जायची, आग इकडेतिकडे गेली तर झोडपायला. तिला तो उतार हाताच्या रेघांसारखा पाठ आहे. म्हणाली, "आमी जाळायचो तवा वर कोन न्हवतं."

मग तुझा कागद मागितला. जमिनीवर पसरला आणि केरबा कुठे ते दाखव म्हणाली. मी बोट ठेवलं.

"हितं काय लिवलंय?"

"वस्ती नाही, असं लिहिलंय."

तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि करपलेली भाकरी मला वाढली.

दुसऱ्याच दिवशी धोंडेघळकडे जाणाऱ्या माणसाबरोबर तिने भावाला निरोप धाडला. उत्तर आलं ते असं, की गावाने ठरवलेलं ठरवलं, म्हशींना गवत पाहिजे, आणि केरबाची काळजी नको. धनगर होळी झाली की सड्यावरून खाली उतरतात, वर पाणी राहत नाही. नानासो खोटं बोलत नाही. त्याच्या लहानपणापासून धनगर होळीनंतर उतरत आले, म्हणून ते उतरतात. झऱ्याचं त्याला ठाऊक नाही, आणि केरबा खाली बाजारात भेटला तर होय म्हणून मान हलवतो. अजून वर आहोत असं कोणत्या तोंडाने सांगेल?

मी स्वतः जाणार होतो. पण बोर्डाच्या पेपर तपासणीसाठी सांगलीला हजर व्हा असा हुकूम आला आहे. संस्कृताचे परीक्षक मुळात थोडे, त्यातले चालते-बोलते त्याहून थोडे. निघावंच लागेल.

आबा


सांगली,
३० मार्च १९७८

विदुला,

मुक्काम कुपवाडला लालासाहेबकाकाकडे. पलटणीतून सुटून आल्यावर त्याने इथे लेथ मशीन टाकलं आहे. दिवसभर लोखंड किंचाळतं आणि संध्याकाळी काका किंचाळतो. मी सकाळी सायकलवर सांगलीत जातो आणि पोरांनी रामाला तृतीया विभक्तीत वनवासाला पाठवलेलं पाहून परत येतो.

आज सकाळी धोंडेघळचा एक पोरगा, इथे कारखान्यात कामाला आहे, तो भेटला. गावाकडे वारा पडला आहे म्हणाला. दिवस याच आठवड्यात धरणार.

लालासाहेबकाकाला सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, रेंजरला एक कार्ड टाक, सरकार बघून घेईल. सरकार बघून घेईल याचीच तर भीती आहे. रेंजर येईल, जाळणाऱ्यांना धरील, त्यात पोलीस पाटील म्हणून नानासो पहिला जाईल. मग सड्यावर चढेल आणि केरबाला उठवील. आग लागणार नाही हे खरं. लागायला वर कोणी उरणारच नाही.

तरी कार्ड घेतलं. लिहिलं. टपालपेटीपाशी उभा राहिलो. एक बाई मागून म्हणाली, टाकायचं नसेल तर बाजूला व्हा. बाजूला झालो. अजून खिशात आहे. उद्या सकाळपर्यंत तिकडून काही कळलं नाही तर टाकणार आहे, आणि मग तुझ्या आईला तोंड कसं दाखवायचं याचा विचार पेपर तपासता तपासता करीन.

तुझ्या आईला कळवलं आहे की मी येईपर्यंत तू काही करू नकोस. माझं तिने आजवर एकदाही ऐकलेलं नाही. तेवढाच आधार आहे.

आबा


सातारा,
९ एप्रिल १९७८

चि. विदुला,

काल पाडवा झाला. गुढी उतरवून मगच लिहायला बसलो आहे. आधी हे वाच, की सगळे जिवंत आहेत आणि सड्यावरची खोपटी उभी आहेत. आता सावकाश वाच.

माझं कार्ड टपालात पडलं नाही. मागचं पत्र लिहिलं त्या दुपारीच सांगलीला नानासोचा माणूस आला. म्हणाला, दाजी, तुमची मंडळी आमच्या डोंगरावर बसली आहेत, येऊन घेऊन जा. मी पेपर सहकाऱ्याच्या गळ्यात घातले आणि निघालो. पोहोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढचं मी निजामकडून, नानासोकडून आणि तुझ्या आईकडून ऐकलं. तिघांचं जिथे जमतं तेवढंच लिहितो.

तुझी आई पाडव्याला आले म्हणून भावाकडे उतरली. दिवस कोणता धरला आहे ते तिला विचारावं लागलं नाही, भावजय डहाळे तोडायला कोयता शोधत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीचं गठुडं घेऊन ती मागच्या उताराने वर चढली. केरबाच्या खोपटात जाऊन उंबऱ्यावर बसली. केरबाला खाली धाडलं आणि सांगितलं, म्हणावं मनुबाई वर बसली आहे.

खाली उताराच्या तळाशी गाव जमलं होतं. काडी लावायचं काम जोतीराम हवालदाराकडे असतं. पलटणीतून आला तेव्हापासून त्याचा तो मान. त्याने केरबाचं ऐकलं आणि काडेपेटी खिशात ठेवली. गावची लेक वर बसली आहे म्हटल्यावर तो काडी ओढणार कसा? माहेरवाशिणीच्या पायाखाली आग लावली असं या खोऱ्यात कोणी ऐकलेलं नाही. नानासोला मात्र ते खरं वाटेना. तो स्वतः चढून गेला.

म्हणाला, "आक्का, खाली चल. वारा पडलाय. आजचा दिस गेला तर पुन्यांदा घावायचा न्हाई."

"मग लाव की."

"तू हितं बसल्यावर कसं लावू?"

"का? ही रंगू बसल्याली चालती की तुला."

  नानासोने वळचण पाहिली. काळ्या पडलेल्या गवताला हात लावून पाहिला. केरबाला विचारलं, हे कधी? आणि केरबा, एवढं सगळं होऊनसुद्धा, म्हणाला, "चुलीनं, पाटील."

तेव्हा नानासो खाली बसला.

मग बहीण-भावाची तिथेच जुंपली. त्याचं म्हणणं, म्हशी काय दगड खातील? ती म्हणाली, पुढच्या उतारावर लाव. तिथे वर कातळ आहे, आग जाऊन जाऊन कुठे जाईल, खाली तर नांगरलेली शेतं. तो म्हणाला, पुढचा उतार चौकीवरून दिसतो. ती म्हणाली, "मग दिसू दे." तो म्हणाला, मी पोलीस पाटील आहे. ती म्हणाली, मग तूच सांग. हे बराच वेळ चाललं. रंगूबाईने दोघांना ताक दिलं, ते दोघांनी भांडत भांडत प्यायलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात, चौकीच्या डोळ्यांसमोर गावाने पुढचा उतार पेटवला. तुझी आई सड्यावरून उतरली नव्हती. आधी पेटवा मग उतरते म्हणाली. भावावर तिचा विश्वास आहे, पण बेताचा.

निजाम शिट्टी वाजवत धावत आला. आजवर तो डोंगरापलीकडचा धूर पाहून गेला की तिथे राख असायची आणि माणूस नसायचं. यावेळी अख्खं गाव उभं होतं, कोणी पळालं नाही. त्याने विचारलं, कोणी लावला? नानासो म्हणाला, "आमी लावलाय. माजं नाव लिव." निजाम मला म्हणाला, "सर, नोकरीत असं कुणी म्हणालंच नाही. त्याच्या पुढं काय विचारायचं असतंय ते मला ठाऊकच नाही." तो विचार करत उभा असताना आग खात्याच्या नव्या लागवडीकडे सरकायला लागली. मग त्यानेही डहाळा तोडला आणि जोतीरामाशेजारी उभा राहून झोडपायला लागला. लागवड वाचली. निजामच्या विजारीचा एक पाय वाचला नाही.

म्हणजे सगळं गोड झालं असं समजू नकोस. निजामला वर कळवावं लागलं आहे, नानासोला नोटीस येणार, पाटीलकीही जाऊ शकते. गावात अर्धे लोक तुझ्या आईला शिव्या देताहेत आणि उरलेले अर्धे तिच्यासमोर देत नाहीत. नानासो मला एवढंच म्हणाला, की दाजी, पुढच्या वर्षी बोलीवर जाळता आलं तर बघा. गार्डने समोर उभं राहावं, दिवस त्याने सांगावा, पुढचा उतार आमचा, मागचा सोडला. हे तुझ्या नकाशाबरोबरच्या अहवालात बसत असेल तर बसव. मागच्या उताराचा तांबडा रंग मी पुसायला सांगत नाही. तो खरा आहे, आणि त्या खरेपणामुळेच तुझी आई डोंगर चढली. चौकीसमोर राहून निजामला जे दिसलं नाही, ते तू हैदराबादेत बसून पाहिलंस. एवढंच, की त्यात माणसं राहतात हे पाहायला कोणीतरी तिथवर जावं लागलं. ते काम यापुढेही करावं लागेल असं तुझ्या वरिष्ठांना सांग. संस्कृत शिक्षक उन्हाळ्यात मोकळे असतात.

'वस्ती नाही'चं काय करायचं हा प्रश्न उरला आहे. त्यावर मी फार विचार करून एक मत बनवलं होतं. ते राहू दे. तुझी आई समोर येऊन बसली आहे. म्हणते, मी सांगते तसं लिही, आणि सुधारू नकोस. कलम माझी, पुढचं तिचं.

"इदुला, सड्यावर एक टिंब काढ. बाजूला नाव लिव, केरबाची वाडी, मौजे धोंडेघळपैकी. नानासो हो म्हनलाय. पाटीलकी हाय तवर त्येच्या तोंडानं लिवून घे. नाव असलं म्हंजे काडी वडनारा दोनदा बघतो आन् उठवनारा बी कुनालातरी इचारतो. तुज्या बानं जाऊन बगितलंय म्हनतो, पर त्यो चढताना निस्ता दम खात हुता, त्यानं काय बगितलं कुनास ठावं. तू सवता येऊन बघ. एकटी येऊ नगं, जावयाला बी घेऊन ये. लय चढन हाय, पायात चांगलं घालून यावं म्हनावं. आन् त्यो काय खातो, काय खात न्हाई, त्ये मला आदी लिवून धाड. तुज्या बाला नगं, मला."